एक सोडून एक पट्टी

त्या बुधवारी सकाळी सात वाजता माझी पत्नी ऑर्गनच्या आत गेली. मी बाहेर बाकावर बसलो. तिने सांगितल्यावर मी पट्टी दाबली. तिने सूर जुळवला आणि आतून लाकडावर एकदा ठोकलं. मी एक पट्टी सोडून त्यापुढची दाबली. असं एकोणीस वेळा झालं. विसाव्या पट्टीनंतर ठोकल्याचा आवाज आला नाही. मी पट्टी दाबून धरली आणि पुस्तकाची दोन पानं वाचली. मग मी हाक मारली. शुक्रवारी दुपारी हॉस्पिटलमध्ये ती वारली.

या गोष्टीला तीन वर्षं झाली. मधल्या काळात त्या ऑर्गनचं काय करायचं हे आधी ठरत होतं, मग ठरलेलं अंगवळणी पडत होतं, आणि तोवर मला काही लिहायला सुचत नव्हतं. आता पडलं आहे, म्हणून लिहितो.

पुण्यात ऑर्गन म्हटलं की माझ्या वयाच्या माणसांना नाटकातली पायपेटी आठवते. हा तसला नाही. कॅम्पातल्या एका दगडी चर्चमध्ये, वेदीच्या डाव्या हाताला, खोलीएवढं लाकडी कपाट उभं आहे असं समजा. त्याच्या दर्शनी बाजूला तीसेक पाईप दिसतात, त्यांना केव्हातरी सोनेरी रंग दिलेला आहे. त्यांतले निम्मे नुसते शोभेचे. खरे वाजणारे सहाशेच्या वर पाईप आत असतात. सगळ्यात मोठा दोन माणसांच्या उंचीचा, सगळ्यात लहान माझ्या करंगळीएवढा. तळाला चामड्याचा भाता आहे. पूर्वी बाहेरून एक लाकडी दांडा खालीवर करून त्यात हवा भरत. नंतर विजेची मोटर आली, पण दांडा कुणी काढला नाही. वाजवणाऱ्यासाठी एक बाक, समोर पट्ट्यांच्या दोन रांगा, पायांखाली आणखी एक, आणि दोन्ही बाजूंना पांढऱ्या खुंट्या. एक खुंटी ओढली की एका जातीचे पाईप बोलायला लागतात. त्याला स्टॉप म्हणतात. आमच्या ऑर्गनला अकरा स्टॉप होते.

आमच्या म्हणतो, पण मी त्या चर्चचा सभासद नाही. माझं घर बिबवेवाडीत, घरात दीड दिवसाचा गणपती. पत्नीचं घराणं मात्र तीन पिढ्या त्या मंडळीतलं. तिच्या वडिलांनी तो ऑर्गन वाजवला, त्यांच्यानंतर तिने. इतर दिवशी ती शाळेत गणित शिकवायची.

मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात होतो. ती तिथे आली ती आवाज आणि हवेचा दाब यांच्यावरचं काहीतरी शोधत. मी तिला तीन जाडजूड पुस्तकं काढून दिली. पंधरा दिवसांनी तिने तिन्ही परत आणली.

"उपयोग झाला का?" मी विचारलं.

"लेखक हुशार आहेत," ती म्हणाली. "पण एकानेही पाईप पुसलेला दिसत नाही."

मग जरा थांबून तिने विचारलं, "तुम्हाला दोन तास एका जागी गप्प बसता येतं का?"

"मला त्याचाच पगार मिळतो."

तिच्या वडिलांच्या गुडघ्यांनी दगा दिला होता आणि त्यांना बाकावर बसवत नव्हतं. ट्यूनिंगला माणसं दोन लागतात. एक आत पाईपांजवळ, दुसरा बाहेर पट्टी दाबून बसलेला. बाहेरच्याला संगीत यायची गरज नाही. त्याने पट्टी दाबायची, सांगेपर्यंत सोडायची नाही, आणि बोलायचं नाही. आतला माणूस दोन पाईप एकदम वाजू देतो, एक आधी जुळवलेला आणि एक जुळवायचा. ते जुळत नसले तर हवेत एक लाट उठते. वाँव वाँव वाँव असं काहीतरी. पाईपच्या डोक्यावर पत्र्याची कॉलर असते, ती ठोकून वर सरकवली की सूर उतरतो, खाली सरकवली की चढतो. सूर जवळ येऊ लागला की लाट लांबत जाते आणि एका क्षणी थांबते. मग आतून लाकडावर एकदा ठोकायचं, म्हणजे पुढची पट्टी. दोनदा ठोकलं तर परत मागची.

पहिल्या दिवशी मी पट्ट्या ओळीने दाबत गेलो. चौथ्या पट्टीला आतून आवाज आला.

"अहो ग्रंथपाल, एक सोडून एक."

"म्हणजे काळ्या सोडायच्या?"

"काळ्या-पांढऱ्या बघू नका. नुसत्या मोजा. एक सोडून एक वरपर्यंत जा, मग खाली येऊन राहिलेल्या दाबा."

"का?"

"बाहेर आल्यावर सांगते."

ती बाहेर आली तेव्हा तिच्या केसांत जळमट अडकलं होतं आणि आम्हा दोघांनाही चहाची घाई झाली होती. का ते सांगायचं राहिलं. ते पुढे एकतीस वर्षं राहिलं. मी एक सोडून एक पट्टी दाबत आलो आणि मला कधी पुन्हा विचारावंसं वाटलं नाही.

त्याच वर्षी आम्ही लग्न केलं. दोन्ही घरांनी जेवढा विरोध करायचा तेवढा रीतसर केला आणि मग दोन्ही घरं जेवायला आली.

वर्षातून दोन मोठी ट्यूनिंगं व्हायची, एक नाताळच्या आधी आणि एक ईस्टरच्या आधी. प्रत्येक वेळी आठ-दहा दिवस सकाळ त्यातच जायची. पंखे बंद ठेवायचे, कारण पंख्याच्या वाऱ्यात लाट ऐकू येत नाही. रस्त्यावरची रहदारी वाढायच्या आत काम आटोपायचं. मी स्वरलिपी ठेवायच्या फळीवर पुस्तक उघडून ठेवायचो. उजव्या हाताचं बोट पट्टीवर, डाव्या हाताने पान उलटायचं. माझ्या आयुष्यातलं निम्मं वाचन त्या बाकावर झालं आहे. कोणता सूर किती वेळ चालला हे मी ओळींत मोजायचो. बरा पाईप असला तर चार-पाच ओळींत जमायचा. हट्टी पाईप असला की पान संपायचं.

"पान उलटलंत ना," आतून आवाज यायचा.

"बोट हललं का?"

"बोटाचं नाव कशाला घेता."

मला वाटायचं, पान उलटताना माझं बोट जरासं उचललं जात असणार आणि तिच्या कानाला तेवढंही कळत असणार. तिच्या कानाबद्दल मला तेव्हा काहीही खरं वाटलं असतं.

तिचा एक नियम कडक होता. पाईपला हात लावायचा नाही. कॉलर ठोकायला तिच्याकडे एक उलथणं होतं. आमच्याच स्वयंपाकघरातलं, दांड्याला तिने जाड लाकडी मूठ बसवून घेतलेली. मुठीने लाकडावर ठोकायचं, उलथण्याच्या टोकाने कॉलर. मी एकदा म्हणालो, हाताने सरकवली तर लवकर होणार नाही का? तिने मला गणिताच्या बाईंसारखं उत्तर दिलं. हात गरम असतो. हात लागला की पाईप गरम होतो, गरम पाईपाचा सूर चढतो. तो चढलेला सूर आपण खाली आणून जुळवतो आणि खूश होऊन घरी जातो. रात्री पाईप थंड होतो आणि सकाळी तोच सूर उतरलेला असतो. आपण जुळवलेला असतो तो आपला हात. म्हणून आत गेल्यावरही ती पाच मिनिटं नुसती उभी राहायची. माणूस आत शिरला की आतली हवासुद्धा थोडी बदलते, तिला जरा बसू द्यायचं.

पुण्याची थंडी तिला या बाबतीत फार छळायची. पहाटे कुडकुडायला होतं आणि दुपारी शर्ट चिकटतो. त्यात नाताळच्या उपासनेला चार-पाचशे माणसं येऊन बसली की चर्च तापतं आणि सकाळचं ट्यूनिंग संध्याकाळपर्यंत अर्धं वाहून जातं. "मी पाटीवर लिहिते आणि मागून कुणीतरी पुसत येतं," असं ती म्हणायची. पण त्याबद्दल ती कधी चिडली नाही. पाचवीच्या वर्गाला दरवर्षी अपूर्णांक नव्याने शिकवणारी बाई ती.

मी उपासनेला क्वचित जायचो. पण भारनियमनाच्या वर्षांत मला जावं लागलं. भर गाण्यात वीज जायची, मोटर थांबायची आणि ऑर्गन एखाद्या थकलेल्या म्हशीसारखा हंबरून गप्प व्हायचा. मग मी मागच्या बाकावरून उठून तो जुना दांडा धरायचो. चार कडव्यांचं गीत असलं तर खांदा भरून यायचा. एकदा एका म्हाताऱ्या बाईंनी बाहेर पडताना माझ्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, "आज फार छान वाजवलंत." मी ते कबूल करून टाकलं. पत्नी तीन दिवस माझ्याशी बोलताना मला उस्ताद म्हणत होती.

आणखी एक प्रसंग मंडळीत अजून सांगतात. एका लग्नात नवरी दारात उभी असताना एक पट्टी अडकली. म्हणजे बोट काढलं तरी सूर चालूच. स्टॉप बंद केला तर गाण्याचा आवाजच गेला असता. पत्नी रेशमी साडी खोचून आत शिरली. दोन मिनिटं सगळं चर्च तो एकच सूर ऐकत बसलं होतं. मग तो थांबला. ती हातभर लांबीचा पाईप हातात घेऊन बाहेर आली, तो बाकावर आपल्या शेजारी ठेवला आणि वाजवायला बसली. नवरी वेदीपर्यंत पोचेपर्यंत त्या गाण्यात तो एक सूर नव्हता. लग्नाच्या फोटोत पत्नीशेजारी तो पाईप पाहुण्यासारखा बसलेला दिसतो.

नंतर काळ बदलला, तो भांडण न होता बदलला. तरुण मुलांनी कीबोर्ड आणला, मग गिटार, मग ड्रम. नवी गाणी मराठी, हिंदी, इंग्रजी अशी मिसळून यायला लागली आणि त्यांतली बरीच ऑर्गनवर शोभत नव्हती. हे पत्नीनेच पहिल्यांदा बोलून दाखवलं. ऑर्गन दर रविवारी चार गीतांना वाजायचा, तो दोनावर आला, मग महिन्यातल्या एका रविवारवर, मग सणांवर. पण बुधवारी आणि शनिवारी शाळेतून येताना ती चर्चमध्ये शिरून दहा मिनिटं तो वाजवून यायची. भाता वापरात राहिला नाही तर चामडं कडक होतं आणि फुटतं. एका रविवारी कीबोर्ड वाजवणाऱ्या मुलीने तिला विचारलं, "आँटी, कोणी ऐकत नसताना पण वाजवता तुम्ही?" ती म्हणाली, "अगं, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला रोज थोडं चालवावं लागतं."

ती गेल्यावर अकरा महिने तो कुणी वाजवला नाही.

मग चर्चच्या पाळकसाहेबांचा फोन आला. ते वयाने माझ्याहून लहान आहेत, पण मंडळीची मुलगी माझ्या घरी दिली आहे या नात्याने मला जावईबापू म्हणतात. त्यांनी मला ऑफिसात बोलावून चहा दिला आणि मग विषय काढला.

"कमिटीचं म्हणणं असं आहे, जावईबापू. साउंड सिस्टिमला जागा हवी आहे. ऑर्गनच्या आत जागाच जागा आहे. पुढचे पाईप आहेत तसेच राहतील. दिसायला काहीच फरक पडणार नाही."

"आतले?"

"आतले कुणाला दिसतात?"

मी सभासद नव्हतो, मत मांडायचा मला अधिकार नव्हता. आणि त्यांचं चूकही नव्हतं. वाजत नसलेल्या वस्तूसाठी चर्चने खोली अडवून का ठेवावी? पण मला तो ऑर्गन वाजता राहायला हवा होता. तिच्यामागे बाकी सगळ्या वस्तूंचं मी काही ना काही करू शकलो होतो. साड्या वाटल्या, वह्या शाळेला दिल्या. ऑर्गन मात्र माझा नव्हता आणि तिचाही नव्हता, आणि एकतीस वर्षांचा आमचा संसार बराचसा त्या लाकडाच्या दोन बाजूंना झाला होता.

माझं गप्प बसणं पाळकसाहेबांना समजलं असावं. ते म्हणाले, "हे बघा. ईस्टरला तो एकदा सुरात वाजला तर मी कमिटीला सांगू शकेन की चालू वस्तू आहे. बंद वस्तूसाठी मला बोलता येत नाही."

ईस्टरला सात आठवडे होते.

असे मोठे ऑर्गन सुरात लावणारी माणसं आपल्याकडे फार नाहीत. जी आहेत ती लांबच्या शहरांत, आणि कळवलं तर पुढच्या वर्षीची तारीख देतात. मला एकच माणूस आठवला. मंडईमागच्या गल्लीत एक हार्मोनियम दुरुस्त करणारा कारागीर आहे, साठीच्या आसपासचा. भात्याला ठिगळ लावायचं चामडं पत्नी त्याच्याकडून आणायची. मी दुकानात जाऊन सगळं सांगितलं. त्याने हातातली पेटी खाली ठेवली नाही.

"ताईंनी वीस वर्षं माझ्याकडनं चामडं नेलं," तो म्हणाला. "एकदासुद्धा म्हणाल्या नाहीत, चांगलं आहे."

"पण परत यायची ना?"

"यायच्या. म्हणून तर देत होतो. कधी यायचं?"

त्याने ऑर्गन पाहिला, सगळीकडून फिरून पाहिला आणि म्हणाला, "एवढ्याशा पेटीत आम्ही जे बसवतो तेच यांनी घरभर पसरलंय." मग चप्पल काढून आत शिरला. मी बाकावर बसलो. त्या बुधवारनंतर मी तिथे बसलो नव्हतो. ती ज्या स्टॉपवर होती तोच स्टॉप ओढलेला होता, कुणी तो परत आत ढकलला नव्हता. त्यातले एकोणीस पाईप तिने जुळवलेले होते. हे त्याला सांगावं की नाही, कळेना. शेवटी सांगितलं.

आतून तो म्हणाला, "दाबा बघू एकेक."

मी पट्ट्या दाबल्या. एकोणिसाच्या एकोणीस पाईप बेसूर होते. मधे एक उन्हाळा आणि एक पावसाळा जाऊन गेला होता. मी खालच्या टोकाला गेलो आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

पहिले दोन दिवस आम्ही जोरात काम केलं. तो ठोकायचा नाही, नुसतं "हां, पुढं" म्हणायचा. दोन दिवसांत एक अख्खा स्टॉप झाला आणि तो कानाला गोड लागत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी मी पट्टी दाबली तर सगळं उतरलेलं. सगळे सूर खाली आले होते, पण सारखे नाहीत, कुणी जास्त, कुणी कमी. तो बाहेर आला.

"काल कुणी आत हात घातला का?"

"किल्ली माझ्याकडे होती."

"मग हे उतरलं कसं?"

मला एकदम कळलं. "तुम्ही कॉलर सरकवताना पाईप हाताने धरता का?"

"मग काय पायाने धरू?"

मी त्याला हाताचं सांगितलं. गरम हात, चढलेला सूर, रात्रीची थंडी. हार्मोनियमचे सूर पितळेच्या पट्टीला कानस लावून जुळवतात, तिथे हात लागला तरी बिघडत नाही. चाळीस वर्षं तो तेच करत आला होता. ऐकून त्याने आपले दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले.

"हे परवा सांगायचं होतं."

"तुम्ही आत काय करता ते मला इथून दिसत नाही."

"ते हत्यार कुठंय मग त्यांचं?"

मी बाकाखालची तिची हत्यारांची पिशवी दिली. त्याने उलथणं काढून पाहिलं. "हे मी पहिल्याच दिवशी बघितलं होतं," तो म्हणाला. "मला वाटलं डब्याबरोबर आलंय."

आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आता तो उलथण्याने काम करायचा आणि मुठीने ठोकायचा. ते मी त्याला सांगितलं नव्हतं. तेवढं लांब हत्यार हातात असलं की माणूस आपोआप ठोकतोच. एका सकाळी तो आतून ओरडला, "अहो साहेब, मी ठोकायच्या आधीच पुढची कशी दाबता तुम्ही?"

"लाट थांबली होती."

"तुम्हाला लाट कळते? मला म्हणालात, सुरातलं काही कळत नाही."

"कळत नाही. थांबली की कळते."

"मग इतकी वर्षं ताईंना मेहनत कशाला करू दिलीत?" तो म्हणाला. पण त्या दिवसापासून एखाद्या सुराबद्दल त्याचं मन साशंक असलं की तो मला विचारायला लागला.

पाच आठवड्यांत चार स्टॉप झाले. पाचवा राहिला, सगळ्यात बारीक पाईपांचा. तो मागच्या भिंतीला लागून आहे आणि तिथे जायला हातभर रुंदीची फळी आहे. कारागीर एकदा गेला आणि अर्ध्यातून परत आला.

"माझं पोट जात नाही," तो म्हणाला. "तुम्ही जा. मी बाहेर बसतो आणि ऐकून सांगतो."

एकतीस वर्षांत मी आत गेलो नव्हतो. जायची वेळच आली नव्हती, कुणीतरी बाहेर बसायला हवं असायचं. मी शिडी चढून फळीवर आडवा होत होत मागे गेलो आणि पाच मिनिटं नुसता उभा राहिलो. आत जुन्या लाकडाचा आणि चामड्याचा वास होता. सगळीकडे पाईप, अगदी गालाजवळ. मी एका कोपऱ्यात उभा होतो. माझ्या समोर डाव्या हाताला उंच पाईपापासून लहानाकडे उतरत गेलेली एक रांग होती आणि पलीकडे, उजव्या टोकाला, तशीच दुसरी.

कारागिराने पट्टी दाबली. डावीकडचा पाईप वाजला. मी उलथण्याने कॉलर हलकेच ठोकली, लाट लांबली, थांबली, मी लाकडावर ठोकलं. त्याने त्याच्या सवयीने लगेच शेजारची पट्टी दाबली. तो पाईप पार उजव्या टोकाला वाजला. मी फळीवरून सरकत तिकडे गेलो. पुढचा पुन्हा डावीकडे. चार पट्ट्यांत मी घामाघूम झालो. एक पाईप या बाजूला, त्याच्या शेजारचा त्या बाजूला, अशी ती मांडणी होती. ओळीने दाबत गेलं तर आतल्या माणसाला प्रत्येक सुरासाठी या टोकाहून त्या टोकाला जावं लागतं.

"एक सोडून एक," मी ओरडून म्हणालो.

"का?"

मला हसू आलं. "बाहेर आल्यावर सांगतो."

त्यानंतर काम सरळ झालं. एका जागी उभं राहून मी एकेक पाईप घेत वर गेलो. मधल्या एका पाईपाला फार वेळ लागला. तो एकसारखा किरकिरत होता आणि मी कॉलर वर-खाली करत होतो. त्या आवाजातच मला आणखी एक आवाज आला, सरसरल्यासारखा, अगदी कानाजवळ. मला आधी उंदीर वाटला. मग पुन्हा आला. बाहेर कारागीर वर्तमानपत्र वाचत होता आणि त्याने पान उलटलं होतं.

सूर चालू असताना आत ते स्वच्छ ऐकू येतं. कसं येतं ते मला सांगता येणार नाही. ते लाकूडच सगळं पोकळ आहे. मी सूर जुळवायचा थांबलो आणि तसाच उभा राहिलो. म्हणजे बोटाचा काही संबंध नव्हता. तिला एकतीस वर्षं माझी पानं ऐकू येत होती. दोन ठोक्यांच्या मधे मी बाहेर आहे, जागा आहे, कंटाळलेला नाही, हे तिला त्यावरून कळत असणार. आणि त्या बुधवारीही, विसाव्या सुरानंतर, मी दोन पानं उलटली होती.

मी ठोकलं नाही तेव्हा बाहेरून हाक आली. "साहेब? आहात ना?" त्याने लगेच हाक मारली होती. मी ठोकलं.

नंतर पायरीवर चहा पिताना मी कारागिराला ती दोन पानांची गोष्ट सांगितली. त्याआधी ती मी फक्त डॉक्टरांना सांगितली होती आणि ते म्हणाले होते की तेवढ्याने काही फरक पडला नसता. कारागिराने कप खाली ठेवला.

"आत पाईप वाजत असताना बाहेरचं काहीसुद्धा ऐकू येत नाही, साहेब," तो म्हणाला. "मी पाच आठवडे आत आहे. मला विचारा."

मी नुकताच त्याचा पेपर ऐकला होता. पण त्याला तसं म्हटलं नाही. तो मला बरं वाटावं म्हणून बोलत होता, आणि मला बरं वाटलंच, फक्त त्याला वाटत होतं त्या कारणाने नाही. ती माझं काही ऐकू शकत नव्हती यापेक्षा ऐकत होती हेच मला हवं होतं. शेवटी तिच्या कानावर काही पडलं असेल तर ते तिचं ओळखीचं होतं.

ईस्टरच्या उपासनेला ऑर्गन वाजवायला कीबोर्ड वाजवणारी तीच मुलगी तयार झाली. ती हिंजवडीत कंपनीत काम करते. लहानपणी दोन वर्षं ती पत्नीकडे शिकली होती.

"अंकल, याला ट्रान्सपोजचं बटन नाहीये," ती पहिल्या सरावाला म्हणाली. "कीबोर्डवर मी सगळं एकाच स्केलमध्ये वाजवते, बटन दाबलं की सूर आपोआप वरखाली होतो. आता मला सगळं रीलर्न करावं लागणार."

"किती गीतं?"

"दोन. दोनच जमतील. आँटींना सांगू नका." मग आपण काय बोलून गेलो ते तिला कळलं आणि ती ओशाळली. मी म्हटलं, सांगत नाही.

त्या सकाळी पाच स्टॉप सुरात होते. बाकीच्या सहांना आम्ही हात लावू शकलो नव्हतो. मुलगी दुसऱ्या गीताच्या तिसऱ्या कडव्यात अडखळली, मंडळी मात्र पुढे गेली आणि ती त्यांना पुढच्या ओळीत येऊन मिळाली. कारागीर माझ्याशेजारी मागच्या बाकावर बसला होता. तो आयुष्यात पहिल्यांदा चर्चमध्ये उपासनेला आला होता आणि सगळे उभे राहिले की दचकून उभा राहत होता. बाहेर पडताना मंडळीतले एक ज्येष्ठ सभासद, ज्यांना साउंड सिस्टिम हवी होती, आम्हाला म्हणाले, "बरा वाजला. निदान आज गाणाऱ्यांचा आवाज कमी ऐकू आला."

कारागीर मला हळूच म्हणाला, "हे चांगलं म्हणाले की वाईट?"

"पुण्यात याला चांगलं म्हणतात."

"मला माहितेय हो. चर्चमध्येही तेच चालतं का, एवढंच विचारलं."

कमिटीची बैठक दोन आठवड्यांनी झाली. पाळकसाहेबांनी चालू वस्तूची बाजू मांडली. ज्यांना जागा हवी होती त्यांनी जागेची मांडली. शेवटी जे ठरलं ते कुणालाच पूर्ण पसंत नव्हतं, म्हणून सगळ्यांनी मान्य केलं. जे सहा स्टॉप बेसूर होते त्यांचे पाईप काढायचे, कागदात गुंडाळून लाकडी खोक्यांत भरायचे आणि खोकी घंटेखालच्या खोलीत ठेवायची. त्यांच्या रिकाम्या झालेल्या जागेत साउंड सिस्टिम बसवायची. पाच स्टॉप राहू द्यायचे, जोवर कुणी ते सुरात ठेवतंय तोवर. ते कुणी म्हणजे कोण हे बैठकीत कुणी विचारलं नाही. मला संध्याकाळी फोनवर कळवलं.

पाईप काढायला आणि गुंडाळायला आम्हाला चार दिवस लागले. प्रत्येक खोक्यावर मी चिठ्ठी लावली: कोणता स्टॉप, कितवा पाईप, डावी बाजू की उजवी. ग्रंथालयात असताना करायचो तसंच ते काम होतं. कारागीर म्हणाला, हे कोण परत लावणार आहे? मी म्हटलं, माहीत नाही.

आता ऑर्गनचे अकरापैकी पाच स्टॉप वाजतात. रविवारी पहिलं आणि शेवटचं गीत ऑर्गनवर होतं, मधली कीबोर्डवर. बुधवारी आणि शनिवारी ती मुलगी किंवा मी, जो मोकळा असेल तो, दहा मिनिटं भाता चालवून येतो. मला वाजवता येत नाही, मी नुसते सूर धरतो. नाताळच्या आणि ईस्टरच्या आधी ट्यूनिंग होतं. कारागीर पुढचे चार स्टॉप करतो, तेव्हा मी बाहेर असतो. मागचा एक मी करतो, तेव्हा तो बाहेर असतो.